वस्तींतील मोठ्या झाडांची तोड

पावसाळा तोंडावर आला कीं शहरांतील घरमालकांस अंगणांतल्या जुन्या झाडाची भीति वाटूं लागते. मग दोन मजूर, एक कुऱ्हाड व एक दोर एवढ्या भांडवलावर काम उरकण्याचा बेत ठरतो. चार पैसे वांचल्याचें समाधानहि होतें. परंतु तेंच झाड शेजाऱ्याच्या कौलांवर किंवा चढलेल्या मजुराच्या अंगावर कोसळलें, तर त्या नुकसानीचा जमाखर्च कोणाच्या वहींत मांडावयाचा, हें आम्हांस कोणी सांगेल काय?

प्रथम, झाड तोडलेंच पाहिजे काय, हें जाणत्याकडून पाहून घ्यावें. झुकलेलें प्रत्येक झाड पडतेंच असें नाहीं. उलट सरळ दिसणारें खोड आंतून पोकळ असूं शकतें. बुंध्याशीं उगवलेली अळंबी व मुळांजवळची उचललेली, भेगाळलेली जमीन हीं मात्र धोक्याचीं लक्षणें होत. पुष्कळदां हा धोका आम्हींच निर्माण करतों. बुंध्यास भिडवून काँक्रीट ओततों आणि गटारासाठीं मुळें तोडतों. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानें २०१३ सालीं दिल्लींतील झाडांभोंवतालचें एक मीटरपर्यंतचें काँक्रीट काढण्यास फर्माविलें, तें उगीच नव्हे. तोड अटळच ठरली, तर महाराष्ट्राच्या नागरी भागांत १९७५ च्या कायद्यान्वयें परवानगी घेणें आवश्यक आहे.

परवानगी मिळाली म्हणजे अक्कल मिळाली असें नव्हे. मोकळ्या मैदानांत झाड पाडतांना पडण्याच्या बाजूस खोडाच्या जाडीच्या सुमारें चौथाई खांच घेतात. मग मागून, खांचेच्या तळाहून किंचित् वर, काप घालतात. पण मध्यें जाडीच्या दहाव्या हिश्शाएवढी लाकडाची पट्टी राखतात. ही पट्टी बिजागरीप्रमाणें झाडास वळण देते. ती तुटली कीं झाड कोणाचें ऐकत नाहीं. कापणारांखेरीज इतरांनीं झाडाच्या उंचीच्या दुप्पट अंतरावर राहावें, व कापणारानेंहि मागें तिरकस पळण्याची वाट आधींच मोकळी करून ठेवावी.

परंतु दोन भिंतींमधल्या बोळांत ही रीत काय कामाची? तेथें झाड पाडावयाचें नसून शेंड्यापासून तुकड्यातुकड्यांनीं उतरवावयाचें असतें. प्रत्येक फांदी दोरानें बांधावी, दोरास बुंध्याशीं वेढा देऊन तिचें वजन सांवरावें आणि ती हळूहळू खालीं सोडावी. जवळून विजेच्या तारा जात असतील, तर वीज कंपनीकडून प्रवाह बंद करवून घेतल्याविना कोणासहि वर चढूं देऊं नये. ओल्या फांदींतून वीज माणसापर्यंत पोंचते.

हें सर्व शिकलेल्या हातांचें काम आहे, आणि त्यास योग्य मोल पडणारच. नगरपालिकांनीं केवळ सर्वांत कमी दर पाहून ठेका देऊं नये. झाड कोणत्या रीतीनें उतरविणार, हें परवानगीच्या अर्जांतच लिहून घ्यावें. घरमालकांनींहि चढणाराच्या कमरेस पट्टा, डोक्यास टोप व नांवें विमा आहे कीं नाहीं, हें आधीं विचारावें. आमचे व्यापारी बंधु आपल्या मालाचा विमा न चुकतां उतरवितात. मग जो मनुष्य आपल्या घराच्या रक्षणासाठीं झाडावर चढतो, त्याच्याच जिवाची किंमत हिशेबांत शून्य कां धरावी?