डाग दिसला, पुढे काय?

1999 मध्ये उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या तपासणीचा एक मोठा अभ्यास सुरू झाला. टाटा मेमोरियल, बार्शीचे नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालय आणि फ्रान्समधील आंतरराष्ट्रीय कॅन्सर संशोधन संस्था यांनी तो मिळून केला. 30 ते 59 वयाच्या 1,31,746 बायकांचे चार गट पाडले. एका गटाला एचपीव्ही (या कॅन्सरला कारण ठरणारा विषाणू) चाचणी, दुसऱ्याला पॅप स्मिअर (पेशी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे), तिसऱ्याला व्हीआयए. चौथ्याला तपासणी नाहीच.

व्हीआयए ही साधी गोष्ट. सौम्य ॲसेटिक ॲसिडचा बोळा गर्भाशयमुखाला लावायचा आणि मिनिटभर थांबायचे. बदललेल्या पेशींचा भाग पांढरा पडतो. पण साध्या जंतुसंसर्गानेही पांढरेपणा येतो, म्हणून डाग दिसला की कोल्पोस्कोपने जवळून पाहायचे, शंका असेल तर तुकडा तपासायला पाठवायचा. कॅन्सरपूर्व बदल निघाला तर क्रायोथेरपी: गोठवणारी धातूची टोपी 3 मिनिटे टेकवायची, 5 मिनिटे सोडायची, पुन्हा 3 मिनिटे. भूल नको, टाके नकोत. गर्भाशयाची पिशवी जागच्या जागी राहते.

2009 मध्ये निष्कर्ष आले. एचपीव्ही गटात या कॅन्सरने 34 मृत्यू झाले होते, तपासणी न झालेल्या गटात 64. स्मिअर आणि व्हीआयएच्या गटांत मात्र मृत्यू म्हणावे तसे घटले नाहीत. या 64 जणींबद्दल पुढे नैतिकतेचा वाद झाला. देशात तेव्हा नियमित तपासणी कुठेच नव्हती, असा संशोधकांचा बचाव होता. तो खरा आहे, पण मला पुरेसा वाटत नाही.

त्याहून अस्वस्थ करते ते शेजारच्या बीडमध्ये घडलेले. 2019 मध्ये तिथल्या सुमारे 82 हजार ऊसतोड कामगार महिलांच्या पाहणीत 13 हजारांवर जणींची पिशवी काढलेली आढळली. अंगावरून पांढरे जाते, ओटीपोट दुखते म्हणून दवाखान्यात गेलेल्या कित्येकींना कॅन्सरची भीती घालून ऑपरेशन केले गेले. जिथे चाचणी आणि फार तर काही मिनिटांचा उपचार पुरला असता, तिथे ऐन तिशीत पिशवी गेली आणि वर कर्ज झाले.

2021 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने एचपीव्ही चाचणीलाच पहिली पसंती दिली. नमुना बाई स्वतःही घेऊ शकते. चाचणी पॉझिटिव्ह आली म्हणजे कॅन्सर झाला असे नाही. बहुतेकींचा संसर्ग आपोआप जातो. पुढच्या तपासणीत काही निघाले नाही, तर दोन वर्षांनी पुन्हा चाचणी करायची. ही तारीख लक्षात ठेवून तिला बोलावणारे कुणीतरी गावात असावे लागते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (2019-21) देशातल्या 30 ते 49 वयाच्या जेमतेम 1.9 टक्के बायकांची गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची तपासणी एकदा तरी झालेली होती.