आडवाटेच्या मोटारसायकली, यूरोपीय व जपानी

आडवाटेच्या मोटारसायकली, यूरोपीय व जपानी : पक्का रस्ता सोडून रानवाटा, डोंगरपायवाटा, वाळू, चिखल व ओढे यांतून जाण्यासाठी रचलेल्या मोटारसायकली. वजनाने हलकी चौकट, जमिनीपासून उंच एंजिन, चाकांना वरखाली हलण्यास भरपूर वाव देणारे धक्काशोषक, खोल खाचांचे टायर व मंद गतीतही न अडखळणारे एंजिन ही त्यांची सर्वसाधारण लक्षणे होत. रानवाटेवरील भ्रमंतीसाठी यूरोपीय यंत्र चांगले की जपानी, हा वाद १९७० च्या सुमारास सुरू झाला व अद्याप मिटलेला नाही. त्याचे मूळ, वरवर वाटते तसे, देशभिन्नतेत नसून यंत्र कोणासाठी बांधले यात आहे.

यूरोपात ही यंत्रे स्पर्धांतून घडली. आंतरराष्ट्रीय सहा दिवसांची स्पर्धा १९१३ पासून भरते. तीत स्पर्धकाने जवळच्या हत्यारांनी आपले यंत्र स्वतःच दुरुस्त करावयाचे असते आणि एंजिनासारखे मुख्य भाग खुणा करून ठेवल्यामुळे बदलता येत नाहीत. चाक झटपट निघावे, गाळणी हाताशी असावी, तुटण्याजोगे काही बाहेर डोकावू नये, हे शहाणपण या नियमांतून आले. स्पेनमध्ये बुल्टाको कंपनीने (स्थापना १९५८) सॅमी मिलर या आयरिश स्पर्धकाच्या साहाय्याने १९६४ मध्ये शेर्पा टी हे यंत्र सिद्ध केले. स्वीडनच्या हुस्कवार्नाची यंत्रे एडिसन डाय यांनी अमेरिकेत आणली व तॉर्स्टन हालमान यांनी १९६६ मध्ये ती तेथे पळवून दाखविली. अमेरिकन जॉन पेंटन यांना आणखी हलके यंत्र हवे होते. त्यांच्या आग्रहावरून ऑस्ट्रियाच्या केटीएम कारखान्याने १९६८ मध्ये साक्स एंजिनाची छोटी पेंटन मोटारसायकल बांधली. ही सर्व यंत्रे द्विधाव (टू-स्ट्रोक) एंजिनांची होती. ती जाणत्याच्या हाती उत्कृष्ट चालत, मात्र पेट्रोलमध्ये तेल मोजून मिसळणे, प्रज्वलनाची वेळ तपासणे, सैल झालेले बोल्ट आवळणे ही कामे मालकाचीच असत.

त्याच वर्षी, १९६८ मध्ये, यामाहाची डीटी-१ अमेरिकेत विक्रीस आली आणि बाजाराचे स्वरूप पालटले. तिचे २४६ घ. सेंमी. धारणेचे एंजिनही द्विधावच होते. परंतु तेल वेगळ्या टाकीतून पंपाने आपोआप मिसळले जाई. दिवे होते, नोंदणी होत असे, आणि आठवडाभर कामावर नेलेली गाडी रविवारी रानात नेता येई. तिचा ग्राहक स्पर्धक नव्हता. यंत्राशी त्याला झटापट करावयाची नव्हती. होंडाने १९७२ च्या एक्सएल २५० मध्ये चार झडपांचे चतुर्धाव (फोर-स्ट्रोक) एंजिन दिले, तर १९७६ मध्ये यामाहाची सु. १४० किग्रॅ. वजनाची एक्सटी ५०० आली. पहिली पॅरिस–डकार शर्यत (१९७९) सिरिल नव्हू या फ्रेंच चालकाने हीच गाडी घेऊन जिंकली. वाळवंटात वेगापेक्षा पोहोचणे महत्त्वाचे, हे त्यातून दिसले.

जपान्यांनी केवळ अनुकरण केले हा आक्षेप पुरता खरा नाही. १९७० मध्ये बेल्जियन झोएल रोबेर यांनी सुझुकीवर २५० घ. सेंमी. गटाचे मोटोक्रॉस जगज्जेतेपद मिळविले. मागच्या चाकासाठी एकच धक्काशोषक वापरण्याची ल्यूसियां टिल्केन्स या बेल्जियन अभियंत्याची कल्पना यामाहाने स्वीकारली, आणि १९७३ मध्ये स्वीडिश हॉकान अँडरसन तीवर जगज्जेते झाले. कल्पना बेल्जियमची, कारखाना जपानचा, चालक स्वीडनचा. अशा विजयाचे श्रेय कोणत्या खंडाला द्यावयाचे?

पुढे स्पेनचा हा उद्योग खचला. बुल्टाको व ओस्सा कालौघात बंद पडल्या, माँतेसा होंडाच्या ताब्यात गेली. हुस्कवार्नाची मोटारसायकल शाखा १९८७ मध्ये इटलीच्या काजीव्हाकडे, २००७ मध्ये बीएमडब्ल्यूकडे व २०१३ मध्ये केटीएमच्या वर्तुळात आली.

भ्रमंती करणाऱ्याच्या दृष्टीने खरा फरक देखभालीच्या मोजमापात आहे. केटीएमच्या स्पर्धाकुळातील चतुर्धाव ईएक्ससी-एफ गाड्या इंधनाशिवाय सु. १०५ किग्रॅ. भरतात व त्यांचे तेल एंजिन चालल्याच्या तासांवर, सु. १५ तासांनी, बदलावयाचे असते. रानवाटेचा सरासरी वेग ताशी २५ किमी. धरल्यास हे अंतर ३७५ किमी. होते. होंडा सीआरएफ २५० एल (२०१२) इंधनासह सु. १४५ किग्रॅ. वजनाची, पण तिच्या तेलबदलाचे अंतर १२,००० किमी. सांगितले आहे, चिखलधुळीत ते अर्थातच कमी धरावे. वजनातील हा फरक कागदावर किरकोळ भासतो. ओढ्यात आडवी पडलेली गाडी तिसऱ्यांदा एकट्याने उचलताना तो तसा राहत नाही. उलट, गावापासून दूरच्या आठ दिवसांच्या प्रवासात दर तिसऱ्या दिवशी तेल काढत बसणे हेही ओझेच असते. म्हणून दिवसअखेर घरी परतणाऱ्या, हत्यारांची सवय असलेल्या कुशल स्वाराला पहिली जात मानवते. एकट्याने लांब जाणाऱ्याने दुसरी घ्यावी, हे बरे.

मात्र राष्ट्रावरून जात ओळखण्याचे दिवस गेले आहेत. होंडाच्या सीआरएफ ४५० एल (२०१८) या शर्यतीच्या गाडीपासून बनविलेल्या यंत्राला दर १,००० किमी.ला तेलबदल लागतो. दुसरीकडे, पुण्याच्या बजाज ऑटोने २००७ मध्ये केटीएममध्ये भांडवल गुंतविले आणि पुढे लहान केटीएम गाड्यांचे उत्पादन चाकण येथे सुरू झाले. २०२५ मध्ये आलेली ३९० एन्ड्युरो आर ही तेथेच बनते. ती ऑस्ट्रियन नावाची असली, तरी स्वभावाने १९६८ च्या डीटी-१ च्या अधिक जवळची आहे.