बहुपर्यायी प्रवेश परीक्षांची पूर्वतयारी : गुणदान, वेळ आणि स्मरण यांचा विचार

गोषवारा

महाराष्ट्रातील विज्ञान शाखेचा विद्यार्थी अकरावी-बारावीच्या दोन वर्षांत राज्य मंडळाच्या परीक्षेबरोबरच एमएचटी-सीईटी, जेईई मेन अथवा नीट यांपैकी एका किंवा अधिक प्रवेश परीक्षांची तयारी करीत असतो. या परीक्षांचे स्वरूप परस्परांहून भिन्न असूनही अभ्यासाची पद्धत मात्र पुष्कळदा एकच राहते. परीक्षेची गुणदान पद्धती, प्रत्येक प्रश्नास मिळणारा वेळ व मानवी स्मरणाचे स्वरूप या तीन बाबी समजून घेतल्यास तयारी अधिक फलदायी कशी होते, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

बीजसंज्ञा : प्रवेश परीक्षा, उणे गुण, पर्सेंटाइल, आठवणीचा सराव, उजळणी.

१. प्रस्तावना

व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या प्रवेशाचे निकष गेल्या दोन दशकांत वारंवार बदलले. वैद्यकीय प्रवेशासाठी राष्ट्रीय पातळीवरील नीट प्रथम २०१३ मध्ये झाली. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने ती रद्द ठरली व २०१६ मध्ये पुन्हा लागू झाली. अभियांत्रिकीसाठी महाराष्ट्राने २०१४ व २०१५ या वर्षी जेईई मेनचा आधार घेतला आणि २०१६ पासून पुन्हा राज्याची स्वतःची सीईटी स्वीकारली. २०१९ पासून ही परीक्षा संगणकावर घेतली जाऊ लागली व निकाल पर्सेंटाइलमध्ये जाहीर होऊ लागला.

या बदलांचा परिणाम असा झाला की, बारावीचे गुण प्रामुख्याने पात्रतेपुरते उरले. राज्यातील अभियांत्रिकी प्रवेशासाठी खुल्या प्रवर्गास संबंधित विषयांत ४५ टक्के, तर वैद्यकीय प्रवेशासाठी ५० टक्के गुण आवश्यक असतात. राखीव प्रवर्गांसाठी ही अट दोन्हीकडे ४० टक्के आहे. प्रत्यक्ष जागा मात्र प्रवेश परीक्षेतील स्थानावरून मिळते. मंडळाच्या परीक्षेत उत्तर सविस्तर लिहावे लागते व पायरीनिहाय गुण मिळतात. प्रवेश परीक्षेत चार पर्यायांतून एक निवडावा लागतो आणि अर्धवट बरोबर उत्तराला कोणतेही मोल नसते. मंडळाच्या परीक्षेत उत्तम गुण मिळविणारा विद्यार्थी प्रवेश परीक्षेत मागे पडतो, याचे एक महत्त्वाचे कारण या फरकात आहे.

२. परीक्षांचे स्वरूप

एमएचटी-सीईटीमध्ये भौतिकशास्त्र व रसायनशास्त्र यांचे प्रत्येकी ५० प्रश्न एका गुणाचे असून त्यांसाठी एकत्रित ९० मिनिटे मिळतात. गणिताचे ५० प्रश्न प्रत्येकी दोन गुणांचे असून त्यांसाठी स्वतंत्र ९० मिनिटे असतात. जीवशास्त्र गटाला गणिताऐवजी एका गुणाचे १०० प्रश्न असतात. या परीक्षेत उणे गुण नाहीत. अभ्यासक्रमात अकरावीचा भार सुमारे २० टक्के व बारावीचा ८० टक्के असतो.

नीट परीक्षेत २०२५ पासून १८० प्रश्न १८० मिनिटांत सोडवावयाचे असतात. त्यांपैकी ९० जीवशास्त्राचे व प्रत्येकी ४५ भौतिक व रसायनशास्त्राचे असतात. बरोबर उत्तरास चार गुण मिळतात, तर चुकीच्या उत्तराचा एक गुण वजा होतो. २०२१ ते २०२४ या काळात असलेले ऐच्छिक प्रश्न आता नाहीत. जेईई मेनमध्ये २०२५ पासून तीन विषयांचे प्रत्येकी २५ असे ७५ प्रश्न तीन तासांत सोडवावे लागतात. प्रत्येक विषयातील पाच प्रश्नांचे उत्तर पर्यायांतून न निवडता संख्येच्या रूपात द्यावयाचे असते आणि त्यांनाही उणे गुण लागू आहेत.

या आकड्यांवरून वेळेचा हिशेब सहज निघतो. सीईटीच्या भौतिक-रसायनशास्त्रात एका प्रश्नास सरासरी ५४ सेकंद, गणितात १०८ सेकंद, नीटमध्ये ६० सेकंद, तर जेईई मेनमध्ये १४४ सेकंद मिळतात. जेईईची तयारी झाली की सीईटीची आपोआप होते, हा समज म्हणूनच अर्धाच खरा आहे. संकल्पनांची तयारी होते, पण ५४ सेकंदांत निर्णय घेण्याची सवय निराळ्या सरावाने लावावी लागते.

३. उणे गुणांचे गणित

उणे गुणांसंबंधी विद्यार्थ्यांत दोन टोकाच्या प्रवृत्ती आढळतात. काही जण किंचितही शंका आली की प्रश्न सोडून देतात, तर काही जण एकही प्रश्न रिकामा ठेवत नाहीत. दोन्हींमागे हिशेब नसतो.

नीटच्या पद्धतीत चार पर्यायांपैकी कोणताही एक डोळे मिटून निवडला, तर बरोबर येण्याची शक्यता एक चतुर्थांश असते. अशा २० प्रश्नांत सरासरी पाच बरोबर व पंधरा चूक येतील, म्हणजे २० गुण मिळतील व १५ जातील. निव्वळ लाभ पाच गुणांचा राहील. परंतु पाचऐवजी चारच बरोबर आले तर लाभ शून्य होतो आणि तीन आले तर पाच गुणांचे नुकसान होते. केवळ अंदाजाचा लाभ इतका निसटता आहे. याउलट एक पर्याय निश्चितपणे बाद करता आला, तर प्रत्येक प्रश्नामागे सरासरी लाभ सुमारे ०.६७ गुण आणि दोन पर्याय बाद करता आले तर १.५ गुण होतो. दोन पर्याय खात्रीने बाद झाले असता प्रश्न सोडून देणे हे सावधपणाचे नसून तोट्याचे ठरते.

येथे एक महत्त्वाची सूचना आवश्यक आहे. हा हिशेब सर्व पर्याय सारखेच संभाव्य वाटत असतील तेव्हाच लागू पडतो. प्रश्न काढणारे तज्ज्ञ चुकीचे पर्याय विद्यार्थ्यांच्या नेहमीच्या चुकांवरून तयार करतात. एखादे वाहन ताशी ४० किलोमीटर वेगाने गेले व त्याच मार्गाने ताशी ६० किलोमीटर वेगाने परतले, तर सरासरी वेग किती, या प्रश्नात ५० हा पर्याय हमखास असतो. बरोबर उत्तर ४८ आहे, कारण कमी वेगाच्या प्रवासाला जास्त वेळ लागतो. ज्याची संकल्पना कच्ची आहे तो येथे चारांतून एक निवडत नाही, तो थेट ५० कडे ओढला जातो. बरोबर येण्याची शक्यता एक पंचमांशाहून खाली गेली की, चार-उणे-एक या पद्धतीत अंदाज तोट्याचा होतो. म्हणून ‘उत्तर ओळखीचे वाटते’ हे पर्याय निवडण्याचे कारण होऊ शकत नाही. ‘हा पर्याय या कारणाने चूक आहे’ असे म्हणता येणे, हे खरे कारण होय.

सीईटीत उणे गुण नसल्याने तेथे एकही प्रश्न अनुत्तरित ठेवणे योग्य नाही. जेईई मेनच्या संख्यात्मक प्रश्नांत मात्र अंदाज बरोबर येण्याची शक्यता जवळजवळ नसते, म्हणून तेथे उत्तर काढता आले तरच लिहावे.

४. पर्सेंटाइलचा अर्थ

सीईटी व जेईई मेन या परीक्षा अनेक सत्रांत होतात व प्रत्येक सत्राची प्रश्नपत्रिका वेगळी असते. सर्व प्रश्नपत्रिका समान काठिण्याच्या असणे शक्य नसल्याने निकाल पर्सेंटाइलमध्ये दिला जातो. एखाद्या सत्रात १०,००० विद्यार्थी बसले आणि त्यांपैकी ९,५०० जणांचे गुण एखाद्या विद्यार्थ्याइतके किंवा त्याहून कमी असले, तर त्याचे पर्सेंटाइल ९५ होते. ९५ पर्सेंटाइल म्हणजे ९५ टक्के गुण नव्हेत.

या पद्धतीतून निघणारा बोध व्यावहारिक आहे. प्रश्नपत्रिका अवघड आली तर ती त्या सत्रातील सर्वांनाच अवघड असते. अशा वेळी धीर सोडून घाईने उत्तरे देणारा विद्यार्थी आपले स्थान गमावतो आणि येणारे प्रश्न शांतपणे सोडविणारा कमी गुणांतही वर राहतो. सोप्या प्रश्नपत्रिकेत याच्या उलट घडते. तेथे निष्काळजीपणाच्या दोन-तीन चुकाही शेकडो जणांना पुढे जाऊ देतात.

५. वाचन आणि आठवण

अभ्यास म्हणजे धडा पुनःपुन्हा वाचणे व महत्त्वाच्या ओळी अधोरेखित करणे, अशी रूढ कल्पना आहे. मानसशास्त्रातील संशोधन तिला दुजोरा देत नाही. रोडिगर व कार्पिकी यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांच्या एका गटाने उतारा चार वेळा वाचला. दुसऱ्या गटाने तो एकदा वाचून तीन वेळा आठवून लिहिला. पाच मिनिटांनंतर चार वेळा वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर मात्र त्यांना सुमारे ४० टक्के आशय आठवला, तर आठवून लिहिणाऱ्यांना सुमारे ६१ टक्के. विशेष म्हणजे, आपल्याला अधिक लक्षात राहील असा विश्वास वाचणाऱ्या गटालाच जास्त होता. वाचताना होणारी ओळख व परीक्षेत लागणारी आठवण या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे यावरून स्पष्ट होते.

गणितासंबंधीचा रोहरर व टेलर यांचा २००७ मधील अभ्यासही उद्बोधक आहे. एकाच प्रकारची उदाहरणे सलग सोडविणाऱ्यांना सरावाच्या वेळी ८९ टक्के यश मिळाले, तर प्रकार मिसळून सोडविणाऱ्यांना ६० टक्के. आठवड्याने घेतलेल्या चाचणीत मात्र पहिल्या गटाचे यश २० टक्क्यांवर आले आणि दुसऱ्याचे ६३ टक्के राहिले. याचे कारण उघड आहे. प्रकरणाखालील स्वाध्याय सोडविताना कोणते सूत्र लावायचे हे प्रकरणाचे शीर्षकच सांगून टाकते. परीक्षेत प्रश्नावर शीर्षक नसते.

६. तयारीची रूपरेषा

वरील विवेचनावरून तयारीची पुढील दिशा सुचते.

(अ) पुस्तक मिटून आठवणे : घटक वाचून झाल्यावर पुस्तक मिटून त्यातील व्याख्या, सूत्रे व आकृत्या कोऱ्या कागदावर लिहाव्यात व नंतर पडताळाव्यात. हीच कृती दुसऱ्या दिवशी, आठवड्याने व महिन्याने करावी. अकरावीचा भाग बारावीच्या वर्षात विस्मरणात जातो, तो अशा विखुरलेल्या उजळणीने टिकतो.

(आ) मिश्र सराव : एखादे प्रकरण पूर्ण झाल्यावर त्याची थोडी उदाहरणे सलग सोडवावीत. त्यानंतर मात्र मागील प्रकरणांची उदाहरणे मिसळूनच सराव करावा.

(इ) चुकांची वही : प्रत्येक सराव परीक्षेनंतर चुकलेल्या प्रश्नांची चार प्रकारांत नोंद करावी : संकल्पना माहीत नव्हती, माहीत असून आठवली नाही, आकडेमोड चुकली, प्रश्न नीट वाचला नाही. पहिल्या प्रकारावर पाठ्यपुस्तक हा उपाय आहे, दुसऱ्यावर उजळणी, तिसऱ्यावर सराव आणि चौथ्यावर वाचनाची शिस्त. सर्व चुकांवर ‘जास्त अभ्यास’ हा एकच उपाय केल्याने श्रम वाढतात, गुण वाढत नाहीत.

(ई) वेळेचे वाटप : नीटसाठी जीवशास्त्र ५० मिनिटे, रसायनशास्त्र ५०, भौतिकशास्त्र ६० व शेवटची २० मिनिटे राहिलेल्या प्रश्नांसाठी, असे वाटप करता येते. मात्र ते सराव परीक्षांत पारखून स्वतःस अनुकूल करून घ्यावे. नीटची उत्तरपत्रिका पेनने गोल भरण्याची असल्याने त्यास लागणारा वेळही या हिशेबात धरावा.

(उ) भाषा : नीट २०१७ पासून मराठीतही देता येते. भाषांतराविषयी वाद उद्भवल्यास इंग्रजी मजकूर ग्राह्य धरला जातो. सीईटीची गणिताची प्रश्नपत्रिका इंग्रजीतच असते. मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याने पारिभाषिक शब्दांची द्विभाषिक यादी अकरावीच्या प्रारंभापासूनच करावी. त्वरण व वेग या संकल्पना पक्क्या असूनही इंग्रजी संज्ञेवर अडखळल्याने वेळ गमावणे टाळता येण्यासारखे आहे.

७. अभ्यासाबाहेरची तयारी

पुरेसे गुण असूनही जागा हातची जाण्याचे प्रसंग कागदपत्रांअभावी घडतात. अधिवास प्रमाणपत्र, जातीचे व जात वैधता प्रमाणपत्र, उन्नत व प्रगत गटात मोडत नसल्याचे प्रमाणपत्र यांसाठी बराच कालावधी लागतो. केंद्रीय संस्थांसाठी इतर मागासवर्गाचे प्रमाणपत्र केंद्राच्या नमुन्यात लागते व तो नमुना राज्याच्या नमुन्याहून वेगळा आहे. ही कामे अकरावीतच हाती घेणे श्रेयस्कर आहे. ग्रामीण व प्रथमच महाविद्यालयात येणाऱ्या पिढीतील कुटुंबांना ही माहिती देणे, हे कनिष्ठ महाविद्यालयांचे कर्तव्य मानावयास हवे.

खाजगी शिकवणीचे शुल्क सर्वांना परवडत नाही. एनसीईआरटी व बालभारती यांची पाठ्यपुस्तके संकेतस्थळावर विनामूल्य उपलब्ध आहेत. नीटच्या जीवशास्त्रासाठी एनसीईआरटीच्या पुस्तकाचे बारकाईने केलेले अध्ययन हाच मुख्य आधार आहे. जुन्या प्रश्नपत्रिका, घड्याळ व चुकांची वही या साधनांना फारसा खर्च येत नाही. आठवड्यातून एक वेळबद्ध चाचणी व तिच्यावरील चर्चा, एवढे कोणतेही कनिष्ठ महाविद्यालय उपलब्ध मनुष्यबळात करू शकते.

८. निष्कर्ष

प्रवेश परीक्षा विद्यार्थ्याच्या एकूण योग्यतेचे मापन करीत नाही. ठराविक वेळेत, ठराविक नियमांनी, ठराविक अभ्यासक्रमावर घेतलेले निर्णय ती मोजते. हे निर्णय सरावाने सुधारता येतात. गुणदानाचा हिशेब कळलेला विद्यार्थी भीतीने प्रश्न सोडत नाही व लोभाने अंदाजही करीत नाही. स्मरणाचे स्वरूप कळलेला विद्यार्थी वाचनाच्या तासांवर समाधान मानत नाही, काय आठवते ते तपासतो. एका प्रयत्नात यश न आल्यास पुन्हा एक वर्ष द्यावे की नाही, याचा निर्णयही चुकांच्या वहीवरूनच घ्यावा. चुका दुरुस्त होण्याजोग्या असतील तर ते वर्ष सार्थकी लागेल. केवळ तेच वाचन पुन्हा करावयाचे असेल, तर उपलब्ध अभ्यासक्रमास प्रवेश घेऊन पुढे जाणे अधिक हितावह ठरते. विद्यार्थ्यास हा विवेक करता यावा इतके मार्गदर्शन त्याच्याच महाविद्यालयात मिळणे, ही आजची खरी गरज आहे.