गरोदरपणातली कावीळ, सिकलसेल आणि सुनेवर येणारा बोल

डोळे पिवळे दिसले की मारेगाव तालुक्यात अजूनही आधी कावीळ उतरवणाऱ्याकडे नेतात, बाई गरोदर असली तरी. त्यात तिला सिकलसेल असेल तर उलटाच धोका असतो. "तिचे डोळे तर नेहमीच पिवळे," म्हणून घरचे थांबतात.

सिकलसेल भारतात प्रथम १९५२ मध्ये निलगिरीतील आदिवासींमध्ये नोंदवला गेला. विदर्भात तो गोंड, परधान, कोलाम समाजात आढळतो, तसाच आपल्या बौद्ध समाजातही. हिमोग्लोबिनच्या जनुकातील एका बदलामुळे तांबड्या पेशी विळ्यासारख्या होतात आणि लवकर फुटतात. त्यातून बिलिरुबिन वाढते, डोळे पिवळसर राहतात, पित्ताशयात खडे होतात. हा पिवळेपणा एकवेळ नेहमीचा. पण याच पेशी यकृताच्या बारीक रक्तवाहिन्यांत अडकल्या तर यकृत सुजते आणि उजव्या बरगडीखाली जोराची कळ येते. गरोदरपणात सिकलसेलचे असे झटके वाढतात. पिवळेपणा एकदम गडद झाला, सोबत ताप, उलट्या किंवा गुंगी आली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

हे 'एसएस' म्हणजे रुग्ण असलेल्या बाईचे झाले. 'एएस' म्हणजे वाहक असलेल्या बाईला सहसा सिकलसेलमुळे कावीळ होत नाही. तिची कावीळ सिकलसेलच्या नावावर टाकून मोकळे होऊ नये. दूषित पाण्यातून येणारा हिपॅटायटिस ई गरोदर बाईच्या जिवावर बेतू शकतो.

तळहात-तळपायांना रात्री असह्य खाज सुटणे हेही दुर्लक्षित लक्षण. उष्णता म्हणून सोडून देतात. गरोदरपणात यकृतात पित्त तुंबल्याने ती येऊ शकते. काहींत पित्त वाहून नेणाऱ्या जनुकांतला दोष त्यामागे असतो. आईला किंवा बहिणीला असे झाले होते का, हे विचारावे. रक्तातील पित्ताम्ले फार वाढली तर बाळ पोटातच दगावण्याचा धोका असतो.

आता बोल लावण्याविषयी. यकृतात अचानक चरबी साचण्याचा एक दुर्मीळ, जीवघेणा आजार गरोदरपणाच्या शेवटी होतो. काही वेळा त्याचे मूळ पोटातल्या बाळाच्या जनुकांत असते आणि तो दोष आई-वडील दोघांकडून आलेला असतो. सिकलसेलचेही तसेच. नवरा-बायको दोघे वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल रुग्ण असण्याची शक्यता २५ टक्के. तरी आपल्या घरांत "सुनेनं आजार आणला" हेच ऐकू येते, आणि नवऱ्याचे रक्त तपासलेलेच नसते.

म्हणून पहिल्या तीन महिन्यांतच आशाताईला सांगून दोघांचीही सिकलसेल तपासणी करावी. सोल्युबिलिटी चाचणी पॉझिटिव्ह आली तर एएस की एसएस हे पुढच्या तपासणीत कळते. तो निकाल गरोदरपणाच्या कार्डावर ठळक लिहून घ्यावा.