टणक बियांचे कवच आणि थोडी सावधगिरी

मृगाचा पाऊस सुरू झाला की धारवाडकडे पुष्कळ घरी कुंपणाशी गोकर्णाचे बी टोचले जाते. तीन आठवडे वाट पाहून मग तक्रार येते, "फादर, बी वांझ निघाले." एके वर्षी आम्हीही तसेच म्हटले आणि बी विकणाऱ्यास मनातल्या मनात दोष दिला. पुढे कुंडीतली माती उपसली, तेव्हा बी जसेच्या तसे, खडखडीत सापडले. ते मेलेले नव्हते. आत पाणीच शिरले नव्हते.

गोकर्ण, बहावा (कानडीत कक्के) आणि सुबाभूळ ही शेंगवर्गातील झाडे. त्यांच्या बियांच्या सालीत उभ्या पेशींचा असा दाट थर असतो की पाणी आत झिरपत नाही. बी जितके चांगले वाळेल तितके हे कवच घट्ट होते. कर्दळ या वर्गातली नव्हे, पण तिचे बी याहूनही टणक. अर्जेंटिनात एका जुन्या थडग्यातील खुळखुळ्यात मिळालेले सुमारे 600 वर्षांपूर्वीचे कर्दळीचे बी विसाव्या शतकात रुजले!

यात निसर्गाचा हिशेब आहे. मे महिन्यातल्या वळवाला भुलून सारेच बी उगवले, तर पुढच्या उघडिपीत एकही रोप वाचायचे नाही. म्हणून काही यंदा, काही पुढल्या वर्षी, ऊन-पावसाने कवच झिजेल तसे उगवते. आपल्याला मात्र सारे एकाच वेळी हवे असते.

तेव्हा पाण्यासाठी एक वाट करून द्यावी. बी ज्या ठिकाणी शेंगेला चिकटलेले असते तो डोळा सांभाळावा, कारण कोंब त्याच्याजवळ असतो. डोळ्याच्या विरुद्ध बाजूस पॉलिश कागदावर किंवा खडबडीत फरशीवर बी घासावे. आतला फिकट रंग दिसला की थांबावे. कर्दळीला कानस लागते. नंतर रात्रभर साध्या पाण्यात ठेवावे. सकाळी जे फुगले ते अर्धा इंच खोल पेरावे, न फुगलेले पुन्हा घासावे. फुगलेले बी दिवसचे दिवस पाण्यात ठेवू नये. हवेवाचून ते कुजते.

सुबाभळीचे बी किलोने लावायचे असेल, तर एकेक घासत कोण बसणार? पाणी उकळून चुलीवरून उतरवावे, जरा निवू द्यावे, मग बी टाकून तीन-चार मिनिटांनी गाळून थंड पाण्यात घालावे. चुलीवर बियांसकट पाणी उकळू नये. आम्ही एकदा केले, बियांची उसळ झाली. रोपवाटिकेत गंधकाचे तीव्र आम्ल वापरतात. ते घरी आणूच नये. झेंडू, झिनिया, अ‍ॅस्टर यांना यातले काहीच लागत नाही.

आता महत्त्वाचे. हौसेने गुंजेचे बी कोणी घासू नये. कानडीत हिला गुलगंजी म्हणतात. तांबडी, काळ्या ठिपक्याची ही गुंज पूर्वी सोनारांच्या तराजूत असे, आणि तिच्या जपमाळाही करीत. तिच्यात अब्रिन नावाचे भयंकर विष आहे. अखंड बी गिळले तर कवचामुळे पुष्कळदा तसेच बाहेर पडते. चावलेले, घासलेले किंवा भोक पाडलेले बी मात्र जिवावर बेतू शकते. घरात गुंजेची माळ असेल तर मुलांच्या हाती देऊ नये.

मुलाने गुंज चावली तर उलटी-जुलाबांची वाट पाहत बसू नये. लक्षणे काही तासांनी, कधी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीही दिसतात. या विषावर उतारा नाही, म्हणून वेळ मोलाचा. मिठाचे पाणी पाजून उलटी करविण्याच्या भानगडीत न पडता तडक हुबळीच्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात किंवा जवळच्या मोठ्या दवाखान्यात न्यावे. उरलेल्या बिया पुडीत बांधून डॉक्टरांना दाखवाव्यात.