गुरुवारची बॅटरी
आगीची वर्दी : लेखमालेचा भाग ५

पिंपरी-चिंचवड आणि भोसरीच्या औद्योगिक पट्ट्यात आठवड्याची सुट्टी गुरुवारी असते. चाकणकडे कुठे गुरुवार, कुठे रविवार. महावितरणही देखभालीची कामं बहुधा गुरुवारीच काढतं. म्हणजे शेडमध्ये माणूस नाही आणि लाइनही नाही, अशी वेळ या भागात दर आठवड्याला येऊ शकते. त्या वेळी फायर अलार्मचं पॅनेल फक्त आपल्या बॅटरीवर जागं असतं.

ती बॅटरी किती मोठी हवी, हा प्रश्न अनेक ठिकाणी कुणी विचारतच नाही. पॅनेलसोबत बारा व्होल्टच्या, सात एएचच्या (अँपिअर-अवर) दोन बॅटऱ्या आल्या की त्या जोडून टाकायच्या! त्या एकापुढे एक जोडल्या की चोवीस व्होल्ट मिळतात, पण क्षमता सातच एएच राहते. ती चौदा होत नाही.

हिशेब अवघड नाही. मध्यम आकाराची एक शेड धरू. काहीही घडत नसताना पॅनेल, डिटेक्टर आणि काच फोडायच्या पेट्या मिळून ०.२५ अँपिअर घेतात. आग लागून सगळे हूटर वाजू लागले की लोड १.२ अँपिअरवर जातो. ब्रिटिश मानक बीएस ५८३९ च्या रीतीने २४ तास शांत आणि त्यानंतर अर्धा तास गजर, असं धरायचं. शांत वेळेचे २४ गुणिले ०.२५, म्हणजे ६ एएच. अर्ध्या तासाच्या गजराचे ०.६, पण बॅटरीतून झपाट्याने वीज ओढली की ती छापील क्षमतेपेक्षा कमी देते, म्हणून त्याला १.७५ ने गुणायचं, ते १.०५. बेरीज ७.०५. बॅटरी जुनी होत जाते, म्हणून वर आणखी पाव हिस्सा. उत्तर येतं ८.८ एएच. सातची बॅटरी इथेच बाद झाली. त्याहून मोठी, उदाहरणार्थ बारा एएचची, हवी.

आता गुरुवार. एकच शिफ्ट असलेला कारखाना बुधवारी संध्याकाळी सहाला बंद होतो, शुक्रवारी सकाळी सातला उघडतो. मधले ३७ तास. त्याच मानकानुसार माल-इमारत वाचवण्यासाठी बसवलेली यंत्रणा ओस जागेत असेल आणि लाइन गेल्याचं बाहेर कुणाला कळत नसेल, तर बंद काळावर आणखी २४ तास धरायचे. मर्यादा ७२ तासांची. आपले झाले ६१. हिशेब २०.४ एएचवर पोचतो, अठराचीही बॅटरी पुरत नाही, सव्वीसची घेतलेली बरी.

महावितरणचं काम काही तासांत संपतं, मग ६१ तास कशाला? कारण लाइन केवळ महावितरणमुळे जात नाही. सुट्टीला जाताना मेन स्विच पाडून जायची सवय जुनी आहे, आणि पॅनेलचा पुरवठा त्याच स्विचखाली असला तर बुधवारी संध्याकाळपासूनच बॅटरी रिकामी होऊ लागते. पॅनेलला स्वतंत्र सर्किट हवं, त्या एमसीबीवर ठळक पाटी हवी. बॅटरीच्या आकाराइतकंच हे महत्त्वाचं.

आग वेळ पाहून येत नाही, म्हणून पॅनेल रात्री आणि सुट्टीलाही जागं हवं; जिथे माणसं झोपतात तिथे तर प्रश्न जिवाचा असतो. ३० ऑगस्ट २०२३ च्या पहाटे चिखलीतल्या पूर्णानगरमध्ये हार्डवेअरच्या दुकानाला आग लागली आणि आत झोपलेल्या एकाच कुटुंबातल्या चौघांचा जीव गेला. या पट्ट्यात दुकानाच्या पोटमाळ्यावर राहणारी अशी कुटुंबं आजही पुष्कळ आहेत.

मोठी बॅटरी घेतली की चार्जरही तपासावा लागतो. युरोपीय मानक ईएन ५४-४ प्रमाणे रिकामी बॅटरी २४ तासांत ८० टक्के भरली पाहिजे. सव्वीस एएचसाठी साधारण एक अँपिअर चार्जिंगलाच लागतो, पॅनेलचा रोजचा लोड वेगळा. सातच्या बॅटरीसाठी बनवलेला चार्जर इथे दमतो.

पत्र्याखालची उष्णताही मोजायला हवी. सीलबंद लेड-अ‍ॅसिड बॅटरीचं आयुष्य दर १० अंश वाढीमागे जवळपास निम्मं होतं. एप्रिल-मेच्या तापलेल्या शेडपेक्षा सिक्युरिटी केबिनमधली हवेशीर जागा तिला मानवते.

महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्यानुसार जानेवारी आणि जुलैत यंत्रणा सुस्थितीत असल्याचा परवानाधारक एजन्सीचा दाखला, म्हणजे फॉर्म ‘बी’, द्यावा लागतो. त्याला हा एका पानाचा हिशेब जोडायचा आग्रह कारखानदारांनी धरावा. शिवाय एजन्सीचा माणूस आला की नुसता मल्टिमीटर लावून त्याला जाऊ देऊ नये. थकलेली बॅटरीही लोड नसताना चांगले व्होल्ट दाखवते. लाइन बंद करून, ठरलेला वेळ जाऊ देऊन, मग सगळे हूटर एकदम वाजवायला सांगावं.

लांबच्या शेडमधला शेवटचा हूटर मंद का वाजतो, तो केबलचा प्रश्न पुढच्या भागात.