खतावरचे कारण आणि घरातला खर्च

वारसाहक्काच्या जुन्या कागदपत्रांतील खर्चाच्या नोंदी वाचताना प्रथम हसू येते. जमीन गहाण, बी-बियाण्याची भ्रांत. आणि खर्चाच्या बाजूला तेरवीचे जेवण, गोदान, मुलीचे लग्न! त्यावरून सणासमारंभांनी शेतकरी बुडाला, असा निष्कर्ष काढणाऱ्या विद्वानांची आपल्याकडे कधीच वानवा नव्हती.

हिंगोली, कळमनुरी, वसमत हा मुलूख 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता. (हिंगोली जिल्हा परभणीतून वेगळा झाला तो 1999 साली.) मुंबई शहराप्रमाणे मृत्युपत्राचे प्रोबेट घेण्याची सक्ती या भागात नव्हती. त्यामुळे जुन्या घराण्यांच्या मालमत्तेचा माग लागतो तो वाटणीपत्रांत, गहाणखतांत आणि दिवाणी दाव्यांत. त्यांतील फसली सनात 590 मिळवावे, सात हाली रुपयांचे सुमारे सहा कलदार धरावे, की आकडे उलगडतात. अवघड हिशेब आहे तो कारणांचा.

एकत्र कुटुंबाची जमीन कर्त्याने विकली वा गहाण टाकली, तर हिंदू कायद्यानुसार तिला ‘कायदेशीर निकड’ दाखवावी लागे. 1856 च्या हनुमानप्रसाद खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने त्या निकडीची चौकशी करण्याचे ओझे सावकारावर टाकले. अंत्यसंस्कार, श्राद्ध, मुलीचे लग्न, सरकारी सारा हे सर्व निकडीत बसे. उलट जुगार वा मद्यापायी बापाने केलेले कर्ज फेडण्यास पुत्र बांधील नसे. मग सावकाराचा कारकून खतावर काय लिहील? व्याजावर चढलेले व्याजही ‘दिवसकार्याकरिता’ या एका शब्दात सुखाने मावते. 1875 च्या पुणे-नगरकडील दंग्यांची चौकशी करणाऱ्या आयोगानेही लग्नखर्चाला अवास्तव महत्त्व दिले जाते, असाच अभिप्राय दिला होता.

जेथे प्रोबेट घेतले जाते, तेथील हिशेबातही अंत्यविधी पहिल्या ओळीत दिसतो, तो केवळ श्रद्धेपोटी नव्हे. 1925 च्या भारतीय वारसा कायद्याने क्रमच तसा लावला आहे. मृताच्या ऐपतीला साजेसा अंत्यविधी, अखेरच्या आजारातील वैद्यकीय फी आणि मृत्यूपूर्वीच्या एका महिन्याचा राहण्याजेवणाचा खर्च आधी. त्यानंतर प्रोबेटचा खर्च. मग मजूर, कारागीर व घरगडी यांची मृत्यूपूर्वीच्या तीन महिन्यांतील मजुरी. इतर देणेकरी त्यांच्या मागे.

सालगड्याचा करार मात्र गुढीपाडव्यापासून पुढच्या पाडव्यापर्यंतचा. मालक माघात वारला, तर दिवाळीपूर्वीची थकलेली मजुरी सावकाराच्या रांगेत जाऊन उभी राहते.